मुलांच्या ई-पुस्तकाला जाणता वाचक हवा

सन्माननीय अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई
यांस,



मी रत्नागिरी जिल्ह्यात राहते. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहिली आणि ती स्वतःच ई-पुस्तक म्हणून प्रकाशित केली. पुस्तकाचं नाव या पत्रात मुद्दाम घालत नाही, कारण जे सांगायचं आहे ते एका पुस्तकापुरतं नाही. अनुदान मागण्यासाठीही हे पत्र नाही. आमच्यासारख्यांची पुस्तकं मंडळाने जाणकारांकडून वाचून घ्यावीत आणि ती कशी आहेत ते पालकांना, शिक्षकांना, ग्रंथपालांना जाहीरपणे सांगावं, अशी मागणी आहे. ती आपल्याकडेच का करते, ते जरा सविस्तर लिहिते.

पुस्तक प्रकाशित करणं आता अवघड राहिलेलं नाही. २०१६ च्या अखेरीस ॲमेझॉनच्या किंडल दुकानात मराठी पुस्तकं रीतसर आली. बुकगंगा त्याआधीपासून मराठी ई-पुस्तकं विकत होतं, ई साहित्य प्रतिष्ठान ती वाचकांना फुकट देत होतं. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. फाइल चढवली की दोन-तीन दिवसांत पुस्तक विक्रीला लागतं. टपालाने अमेरिकेला एक प्रत पाठवायची तर पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त होतो. ई-पुस्तक मात्र बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाणाऱ्या तिकडच्या मुलापर्यंत आणि गुहागरच्या मुलापर्यंत एकाच दिवशी पोचू शकतं. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांच्या पायऱ्या न चढता कोकणातल्या गावात बसून हे करता येतं, याचं मोल माझ्यालेखी फार मोठं आहे.

कष्ट नाहीत असं नाही. मजकूर युनिकोडमध्येच लागतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर रूपांतरित केला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं सुटतात. माझ्या पुस्तकात ‘वाऱ्यावर’ हा शब्द पानापानावर आहे. एका वाचनयंत्रावर त्यातला अर्धा र तुटून दिसत होता, दुसऱ्यावर नीट होता. मोठ्या माणसाची नजर अशा अक्षरावरून पुढे सरकते. नुकतं सराईत वाचू लागलेलं मूल तिथे थांबतं, अक्षर जुळवायला बघतं आणि गोष्ट हातची जाते. म्हणून ओळ न् ओळ निरनिराळ्या फोनवर तपासावी लागते. राज्य मराठी विकास संस्थेने मोफत उपलब्ध करून दिलेल्या यशोमुद्रा फॉन्टचा मला इथे फार उपयोग झाला, हे कृतज्ञतेने नोंदवते.

खरी अडचण पुस्तक विक्रीला लागल्यावर सुरू होते.

नव्या लेखकाला पुस्तकाच्या प्रसाराबद्दल जे काही सांगितलं जातं, ते सगळं मोठ्या वाचकाला धरून असतं. समाजमाध्यमांवर लिहा, किंमत काही दिवस उतरवा, वाचकांकडून परीक्षणं मिळवा, थोडी जाहिरात करा. यातली एकही गोष्ट दहा वर्षांच्या मुलापर्यंत जात नाही. त्याचं खातं नसतं, कार्ड नसतं, आणि नसावंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी घालणारी तरतूद आहे. आई म्हणून मला हा कायदा हवाच आहे. पण मग मुलाच्या पुस्तकाला मुलाकडे नेणारं कोण, हा प्रश्न लेखकापुढे उभा राहतोच. ओळखीच्यांनी परीक्षण लिहू नये असा ॲमेझॉनचा नियम आहे, तोही रास्त आहे. नव्या लेखकाला मात्र पहिले वाचक मिळतात ते ओळखीचेच.

किंडलवर सत्तर टक्के मानधन मिळतं असं सगळीकडे सांगतात. त्याची अट कमी जण सांगतात. भारतातल्या विक्रीवर हा दर हवा असेल तर पुस्तक नव्वद दिवसांच्या खास योजनेत टाकावं लागतं, आणि त्या मुदतीत त्याची डिजिटल प्रत दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. दुसऱ्या दुकानात नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. योजना घेतली नाही तर मानधन पस्तीस टक्के. त्या नव्वद दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट देता येतं. पाच दिवसांत ते भराभरा उतरवून घेतलं जातं, आकडे वर चढतात. उतरवणारे बहुतेक मोठेच असतात आणि त्यांतल्या कितींनी ते आपल्या मुलापुढे ठेवलं, हे कळायला मार्ग नसतो. सत्तर टक्क्यांच्या हिशेबात फाइलच्या आकारानुसार पाठवणीचा खर्चही कापला जातो. म्हणजे चित्रं जितकी जास्त, तितका लेखकाचा वाटा कमी. मुलांच्या पुस्तकातली चित्रंच कमी करायला लावणारा हा हिशेब आहे. तो मुलांच्या पुस्तकांचा विचार करून केलेला नाही, इतकं तर कुणालाही दिसेल.

ग्रंथालयाचा रस्ताही बंद आहे. किंडलवर विकत घेतलेलं पुस्तक एका खात्याला बांधलेलं असतं, ग्रंथपालाला ते सभासदांना घरी देता येत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे आपल्या राज्यात शासनमान्य ग्रंथालयांचं जे जाळं उभं राहिलं, अकरा-बारा हजार ग्रंथालयांचं, तसं फार थोड्या राज्यांत असेल. ई-पुस्तक म्हणूनच जन्मलेल्या बालकादंबरीला त्यातल्या एकाही कपाटात जागा नाही.

यामुळे मुलांचं काय अडतं, ते माझ्याच पुस्तकावरून सांगते. माझी कादंबरी सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, कातळशिल्पांची आहे. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या अंगाच्या रेषेच्या आत मासे, पक्षी, इतर प्राणी कोरलेले आहेत. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. आमच्याकडची मुलं गुरं घेऊन त्यांच्यावरून चालत आलेली आहेत. माझ्या गोष्टीत पावसाळ्याच्या पहिल्या रात्री हा हत्ती उठतो. त्यातलं एक प्रकरण मी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत वाचून दाखवलं. चौथीतल्या एका मुलीने मध्येच हात वर केला. हत्ती उठला तर त्याच्या पोटातले मासे पाण्याशिवाय कसे राहिले, असं तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, पहिला पाऊस आहे ना, सड्यावर पाणी साचलेलं असणार. तिला ते पटलं नाही. हत्ती चालायला लागला की पाणी खालीच राहणार, असं तिचं म्हणणं. वर्ग या वादात रंगला. अद्भुत गोष्टीला तिचे स्वतःचे नियम लागतात आणि मुलं ते नियम मोठ्यांपेक्षा कसून तपासतात. पाच तारकांच्या कुठल्याही शेऱ्यात मला याच्या जवळपास जाणारी समीक्षा वाचायला मिळालेली नाही.

वाचन संपल्यावर मुलांनी विचारलं, पुढचं कुठे मिळेल? फोनवर, असं मी सांगितलं. त्या मुलीच्या घरी एकच स्मार्टफोन. तो वडिलांचा, आणि वडील चिपळूणहून रात्री आठला घरी येतात. तिने वडिलांना काय सांगायचं? पुस्तकाचं नाव सांगेल. वडील ते शोधतील, समोर एका अनोळखी बाईचं नाव दिसेल, मागे कुठला प्रकाशक नाही, आणि पैसे भरायचे आहेत. त्यांनी फोन खाली ठेवला तर त्यांना दोष देता येणार नाही. त्या वडिलांच्या हातात एक ओळ हवी आहे: हे पुस्तक अमुक तमुक शिक्षिकेने, अमुक ग्रंथपालाने वाचलं आहे, ते दहा वर्षांच्या मुलीला द्यायला हरकत नाही, किंवा आहे.

आज ती ओळ मिळत नाही, म्हणून तिच्या जागी भलतंच काही विकलं जातं. नव्या लेखकाला फोन येतात. पुस्तक छापून देऊ, प्रसिद्धी देऊ, समारंभ करू, पुरस्कारासाठी नाव पाठवू, अशी पॅकेजं असतात. निवृत्तीच्या पैशांतून हे भरलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांच्या संहितेवर कुणी एक अक्षर दुरुस्त केलेलं नव्हतं आणि पुस्तकांचे गठ्ठे त्यांच्याच माळ्यावर गेले. ही माणसं भोळी होती म्हणून फसली असं म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. आपण लिहिलेलं कुणी तरी गंभीरपणे घेतंय, या एका भावनेसाठी त्यांनी पैसे दिले. ती भावना विकत घ्यावी लागू नये, यासाठी सार्वजनिक संस्था असतात.

पालकांचा संशयही खोटा नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून मजकूर आणि चित्रं करून घेऊन मुलांची पुस्तकं ढिगाने चढवली जाऊ लागली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनला स्वयंप्रकाशनावर दिवसाला तीन नव्या पुस्तकांची मर्यादा घालावी लागली आणि मजकूर यंत्राचा असेल तर तसं कळवणं सक्तीचं करावं लागलं. मर्यादा दिवसाला तीन! मुलांची एक कादंबरी लिहिताना माणसाची वर्षं जातात. या गर्दीत मन लावून लिहिलेलं पुस्तक आणि उरकून टाकलेलं पुस्तक दुकानाच्या पडद्यावर शेजारीशेजारी, सारख्याच आकारात दिसतात. त्यांच्यातला फरक सांगायला पुस्तक वाचलेलं माणूस लागतं. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

अशा वाचणाऱ्या माणसाच्या शब्दाने काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात ख्रिस्तोफर पाओलिनी नावाच्या मुलाने पंधराव्या वर्षी ड्रॅगनची एक कादंबरी लिहायला घेतली. ‘एरागॉन’ २००२ मध्ये त्याच्या आईवडिलांनी घरच्या घरी प्रकाशित केली. मुखपृष्ठ त्याचं, नकाशाही त्याचाच. मग मध्ययुगीन पोशाख घालून तो शाळाशाळांतून, ग्रंथालयांतून शंभराहून अधिक ठिकाणी बोलत फिरला. पुस्तकाचं नशीब उघडलं ते मात्र एका मुलामुळे. कार्ल हायासेन या नामवंत लेखकाच्या सावत्र मुलाने ते वाचलं, त्याला ते आवडलं, आणि हायासेनने आपल्या प्रकाशकाला कळवलं. २००३ मध्ये क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने ते नव्याने काढलं आणि पुढे ते जगभर गेलं. एका मुलाची आवड आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा एक मोठा माणूस, या दोन गोष्टी तिथे एकत्र आल्या. पाओलिनीच्या बाबतीत हे योगायोगाने घडलं. चिपळूणच्या, परभणीच्या, गडचिरोलीच्या लेखकासाठी तो योगायोग कुणी तरी ठरवून घडवून आणायला हवा.

मराठी मुलांना अद्भुत आवडत नाही, असं कुणी म्हणू नये. ‘चांदोबा’ मासिकातल्या वेताळाने पिढ्यान् पिढ्या जागवल्या. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये नव्या संचात आलं तेव्हा वैभव मांगले यांची चेटकीण बघायला नाट्यगृहं भरून वाहिली. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने महाजालावर मोफत ठेवले, ते मुलांना आजही वाचावेसे वाटतात. आवड आहे. रंगीत चित्रांचं पुस्तक छापायचा खर्च मोठा आणि नव्या नावाला गिऱ्हाईक थोडं, म्हणून प्रकाशक मागे सरतो. त्याची अडचणही खरी आहे. नेमकी हीच जागा ई-पुस्तक भरून काढू शकतं.

एक आक्षेप मला वारंवार ऐकावा लागला, एकदा तर एका अतिशय चांगल्या शिक्षकांकडूनही. अशा गोष्टींत भुतंखेतं असतात, मग ही अंधश्रद्धा नाही का? ज्या महाराष्ट्राने अंधश्रद्धेविरुद्ध कायदा करायला इतकी किंमत मोजली, तिथे हा प्रश्न हलक्याने घेता येत नाही. माझं उत्तर त्या चौथीतल्या मुलीनेच दिलं आहे. माशांना पाणी कुठून मिळालं असं विचारणाऱ्या मुलीला दगडी हत्ती खरोखर उठत नाही हे पक्कं ठाऊक असतं. समजा उठला, तर पुढे काय होईल, याचा ती विचार करत असते. अंधश्रद्धा प्रश्न बंद करते आणि चांगली अद्भुत कथा ते विचारायला लावते. पण सगळ्याच अद्भुत कथा चांगल्या नसतात. काही खरोखर भीती विकतात, काही काळ्या रंगाच्या माणसाला राक्षस करतात, काहींत मुलगी फक्त सोडवून घेण्यापुरती असते. हे निवडून सांगण्यासाठीही जाणता वाचक हवाच.

आता मंडळाकडेच का, ते सांगते. १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ स्थापन झालं. तेव्हापासून मोठमोठे ग्रंथप्रकल्प आपण उभे केलेत. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी आपली अनुदान योजना आहे, तिच्यात बालवाङ्मय आहे, आणि हस्तलिखितं तज्ज्ञांकडून वाचून घ्यायची रीतही आहे. मंडळाची कितीतरी पुस्तकं आपण संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवली आहेत. परीक्षक, वाचनाची रीत आणि संकेतस्थळ, तिन्ही आपल्याकडे आधीच आहेत. फक्त नवलेखकांची योजना छापील पुस्तकाभोवती उभी आहे. तिच्या शेजारी स्वयंप्रकाशित बाल-ई-पुस्तकांसाठी वाचनाची एक जागा करायची आहे.

लेखकाने युनिकोडमधली ई-पब फाइल पाठवावी. एक शिक्षक, एक ग्रंथपाल आणि बालवाङ्मयाचा एक अभ्यासक अशा तिघांनी ती वाचावी, आणि एखाद्या शाळेतल्या मुलांनीही. तिघांची मतं त्यांच्या नावानिशी, मुलांची मतं नाव न घालता, संकेतस्थळावर ठेवावीत. मतभेद असले तर तेही तसेच ठेवावेत. कोणत्या वयाला योग्य, अक्षरं फोनवर नीट दिसतात का, चित्रं कुणाची, यंत्राची मदत घेतली आहे का, हे स्पष्ट लिहावं. पुस्तक वाईट असेल तर वाईट म्हणावं. माझंही. यावर सरकारी शिक्क्याची भीती घातली जाईल आणि ती मलाही वाटते. म्हणूनच ही परवानगी नसावी, अभिप्राय असावा. त्याच्याशिवायही पुस्तक निघेल, विकलं जाईल. अभिप्राय देणाऱ्यांची नावं उघड असली की त्यांच्याशी वादही घालता येईल.

पुढे शक्य झालं तर यातल्या निवडक पुस्तकांचे ग्रंथालयीन वाचनाचे हक्क ठरावीक मुदतीसाठी विकत घ्यावेत, म्हणजे गावातल्या ग्रंथालयात बसून मुलाला ते फुकट वाचता येईल. तो लेखकाला आणि चित्रकाराला कामाचा मोबदला असेल. निधी नसेल तर पहिली काही वर्षं नुसती यादी केली तरी चालेल, पण यादी थांबवू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या अखत्यारीतली नाही, तरी राज्य शासनापर्यंत ती आपणच नेऊ शकता. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. २०१८ च्या जुलैमध्ये ई-पुस्तकांवरचा कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला. पण ही सवलत छापील पुस्तकाच्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीला आहे. जे पुस्तक छापलंच गेलं नाही, ते या व्याख्येबाहेर पडतं. ज्याच्याकडे छपाईचे पैसे नव्हते, त्याच्याच पुस्तकावर जास्त कर बसावा, हे न्यायाचं नाही. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा आवाज आहे. मुलांच्या ई-पुस्तकांसाठी तो उठावा, अशी शिफारस मंडळाने करावी.

पहिल्या फेरीसाठी फार मोठी तयारी लागणार नाही. या वर्षीच्या वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, पुस्तकं मागवण्याची सूचना निघाली तर मे महिन्याच्या सुट्टीआधी पहिले अभिप्राय पालकांच्या हाती येतील. मुलं सगळ्यात जास्त वाचतात ते त्याच सुट्टीत. आपण बोलावलंत तर इतरांची पुस्तकं वाचायला मी विनामानधन येईन, आणि त्या फेरीत माझं पुस्तक पाठवणार नाही. आमच्याकडच्या शाळांतली मुलं वाचायला तयार आहेत. त्यांच्या शिक्षकांशी मी बोलले आहे.



आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातली एक नवी बालसाहित्य लेखिका